पुसणाऱ्याच्या खिशात चावी

स्टार्टर तुम्हीच मारलात. आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू. ‘मी काही केलं नाही, बोट तू घातलंस’ असं तुम्ही मघाशी तुमच्या कंपाउंडरसमोर, विठूसमोर, म्हणालात, आणि तुमच्या प्रत्येक वाक्याला मान हलवून हलवून ज्याची मान आता आपोआप हलते त्या विठूनं मान हलवली. पण विठू तिथं नव्हता. तिथं दोघंच होतो. मी बॉनेटखाली आणि तुम्ही स्टिअरिंगवर. चावी तुमच्या हाताशी होती आणि बोट माझं होतं. मी ‘थांबा’ म्हणालो होतो. तुम्ही घड्याळ बघितलंत, ‘झालं का रे?’ म्हणालात, आणि उत्तर यायच्या आत बटण दाबलंत. प्रश्न विचारून उत्तरासाठी न थांबायची सवय तुम्हाला पेशंटांनी लावलीय, हे मला माहीत आहे. इथं बाकावर बसून तासाभरापासून मी तेच ऐकतोय. ‘काय होतंय?’ म्हणता आणि म्हातारी ‘पोटात...’ म्हणते तोवर तुमचं पेन चालू लागलेलं असतं. गाडीलाही तुम्ही तसंच केलंत. गाडी बोलत होती, तुम्ही बटण दाबलंत.

साडेतीन वाजलेत. तुमच्या दारावरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकताना जरा मागं येतो, मग पुढं जातो. स्प्रिंग ढिली आहे. अकराला बोटात गेलं. म्हणजे साडेचार तास. उजव्या हाताची तर्जनी. तुमच्या विठूनं लावलेलं लाल औषध सुकून तिच्यावर पापुद्रा धरलाय, आणि त्या पापुद्र्याखाली बोट आता माझं राहिलेलं नाही. ते कुणीतरी माझ्या हाताला नट लावून घट्ट केल्यासारखं वाटतंय. दुखत नाही, हीच तर भीती आहे. दुखलं असतं तर मी ओरडलो असतो, आणि ओरडणारा माणूस तुम्हाला कळतो. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसलीय, तिच्या मांडीवरचं पोर माझ्या हाताकडं बघतंय. ती म्हणाली, ‘भाऊ, काय झालं बोटाला?’ मी म्हणालो, ‘डिझेल गेलं.’ ती म्हणाली, ‘मग धुवून टाका की.’ तिचं काही चुकलं नाही. तुम्हीही तेच म्हणालात, आणि तुम्ही शिकलेले आहात.

सकाळी तुमची काळी गाडी धूर सोडत चौकातल्या आमच्या शेडपुढं उभी राहिली तेव्हा मी चहा पीत होतो. गाडी दिसायच्या आधी मला तिचा ठोका ऐकू आला होता. पत्र्यावर कुणी नारळ आपटावा तसा, चारांतला एक. मी कपातूनच म्हणालो, ‘तिसरा.’ माझ्या शेजारचा टायरवाला कान्हा हसला, म्हणाला, ‘नाडीपरीक्षा झाली वैद्यबुवांची.’ तुम्ही उतरलात, रुमालानं हात पुसलेत, अजून कशाला शिवला नव्हतात तरी. म्हणालात, ‘पदू, सुरू होताना फार आवाज करते. आणि धूर. बाकी उत्तम आहे बरं का गाडी. तेल तर खातच नाही. उलट वाढतं.’ हे तुम्ही असं सांगितलंत, जसं पोराला शाळेत पैकीच्या पैकी पडले. मी कप खाली ठेवला. तेल मोजायची पट्टी काढली. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर तेल. नाकाशी नेली. वास आला तो तेलाचा नव्हता.

‘साहेब, कडावला तुमच्या ओळखीत कोणाची म्हैस हाय?’

‘का रे?’

‘एका रातीत तिचं दूध वाढलं, तर तुमी काय समजाल?’

तुम्ही हसलात. मनापासून हसलात, ते मला आवडलं, लाज वाटते पण आवडलं. मी वर्तमानपत्राचं पान फाडून मडगार्डवर पसरलं आणि पट्टीवरचा थेंब त्यावर सोडला. म्हटलं, बघत राहा. चांगलं तेल असलं तर काळा ठिपका काळाच राहतो, जागच्या जागी. तुमच्या तेलाचा ठिपका मधे काळा राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, पाणचट, पिवळसर कडं हळूहळू सरकत गेलं, बातमीची अक्षरं त्यात पारदर्शक झाली, मागच्या पानावरची जाहिरात पुढं दिसायला लागली. ‘हे कडं म्हणजे डिझेल,’ मी म्हणालो. ‘तुमचं तिसरं नोझल गळतंय. फवारा मारून झाला की त्यानं तोंड मिटायला पाहिजे, ते मिटत नाय. थेंब थेंब सिलेंडरमधे पडतो, भिंतीवरून खाली उतरतो, तेलात जातो. तेल वाढत नाय साहेब, पातळ होतंय. आतून झिजतीय गाडी. आणि एक दिवस ती सोताचंच तेल पिऊन पळत सुटंल, मग चावी काढलीत तरी थांबायची नाय.’ तुम्ही चष्मा वर करून कड्याकडं वाकून बघितलंत. ‘वा,’ म्हणालात. ‘वरून काही नाही आणि आत एवढं. कळलं.’

हे तुमचे शब्द. वरून काही नाही आणि आत एवढं. मी ते जपून ठेवलेत. ते पानही घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलंय.

मला हे कुणी शाळेत शिकवलं नाही. चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, कारण छप्पन साली माझ्या बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले आणि त्यानंतर आमच्या घरी कामाला बोलावणं येणं बंद झालं. बाप म्हणाला, बरं झालं. पोट तसं म्हणालं नाही. मी चांगो मिस्त्रीकडं आलो. चांगो म्हणजे चौकातल्या शेडचा जुना मालक, घाटाखाली बंद पडलेल्या ट्रकांचा देवमाणूस, आणि जातीनं आमच्याहून वरचा. पण त्याच्या शेडमधे एकच मडकं होतं आणि एकच वाटी. कुणी ड्रायव्हर त्यावरून नाक मुरडायला लागला तर चांगो म्हणायचा, ‘डिझेलनं सगळं बाटलंय रं हितं, तू कुठला सोवळा आलास?’ त्याच्याकडं मी वाचायला शिकलो, ते सुट्या भागांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर. आणि लिहायला शिकलो ते बॉनेटच्या आतल्या काळ्या थरावर, याच बोटानं. या तर्जनीनं मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं ते एका उसाच्या ट्रकच्या इंजिनावर. ट्रक नाव घेऊन घाट चढून गेला.

चांगोला हात होता तेव्हा तो चांगला मिस्त्री होता. हात गेल्यावर थोर झाला. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्याचा डावा हात कोपरापासून नव्हता. तो बाकड्यावर बसायचा, इंजिनावर एक टोक टेकवलेली लोखंडी सळई कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, ‘पदू, दुसऱ्याचा नट ढिला कर. नाय, घट्ट कर. आता तिसऱ्याचा.’ नट ढिला केला की त्या सिलेंडरला डिझेल जात नाही. ज्याचा नट ढिला केल्यावर ठोका बंद पडतो, चोर तिथं. चोर सापडला की नोझल काढायचं, त्याच्याच नळीला बाहेर उलटं जोडायचं, बाकीचे नट ढिले ठेवायचे म्हणजे इंजिन सुरू होत नाही, नुसतं फिरतं. स्टार्टर मारायचा आणि फवारा बघायचा. चांगलं नोझल धुकं सोडतं. वाईट नोझल धार सोडतं. मग स्टार्टर सोडायचा, नोझलचं नाक बोटानं पुसून कोरडं करायचं, आणि दहा मोजायचे. दहाच्या आत नाकावर थेंब आला तर नोझल गळकं. यंत्र नको, कंपनीचा साहेब नको. एक बोट आणि दहा आकडे.

पण ह्या पुसण्याला चांगोनं एक कायदा घातला होता, आणि आमच्या शेडमधे तेवढाच एक कायदा होता. पुसणाऱ्याच्या खिशात चावी. नाक पुसायच्या आधी गाडीची चावी पुसणाऱ्यानं काढून आपल्या खिशात टाकायची. मालक असो, ड्रायव्हर असो, सख्खा भाऊ असो. चावी नसली की बटण मेलेलं. चांगो हे सांगताना आपल्या खुंटाकडं बोट दाखवायचा. ‘ह्यो कायदा मी डाव्या हातानं लिवलाय,’ म्हणायचा.

त्याचं असंच झालं होतं. सहासष्ट साली. ड्रायव्हरनं चुकून बटण दाबलं, चांगोच्या अंगठ्यात मुंगी चावली. तो हसला. फडकं बांधलं, हळद भरली, दुपारी भाकर खाल्ली. कोण्या डॉक्टरनं लाल औषध लावलं, घरी जा म्हणाला. रात्री हात जड. दुसऱ्या दिवशी अंगठा काळा, तिसऱ्या दिवशी हात कोहळ्यासारखा. मी त्याला मुंबईला घेऊन गेलो, मोठ्या दवाखान्यात, आणि तिथं रांगेत बसलो, कारण आमच्याकडं चिठ्ठी नव्हती आणि बघणाऱ्याला वरून एक टिंब दिसत होतं आणि एक सुजलेला अडाणी माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अगदी कोवळा डॉक्टर आला, मिसरूडसुद्धा धड नव्हतं, त्यानं हात हातात घेतला, नाकाशी नेला. नाकाशी नेला, ऐकताय ना? मी पट्टी नेतो तसा. आणि तो मला रागावला. ‘कधी झालं? तीन दिवस? अरे, पहिल्या पाच-सहा तासांत आणला असता तर बोट चिरून, आत पसरलेलं सगळं धुऊन काढलं असतं. हात राहिला असता. हे टोचलेलं नाही, हे भरलेलं आहे.’ मी त्याला म्हणालो, ‘आमाला काय ठाव?’ तो म्हणाला, ‘आता ठाव झालं ना? मग विसरू नकोस.’ मी विसरलो नाही. तेरा वर्षं झाली. पाच-सहा तास. चिरून. धुऊन. मला हे पाठ आहे, जसं मला प्रत्येक नट किती घट्ट करायचा ते पाठ आहे.

मग तरी आज चावी तुमच्याकडं कशी राहिली? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी सकाळपासून दुसरं काही विचारत नाही. मी तिसरं नोझल काढलं, उलटं जोडलं. तुम्हाला म्हटलं, साहेब, आत बसून जरा स्टार्टर माराल का, मी हात वर केला की मारा, खाली केला की सोडा. तुम्ही बसलात, खूश होऊन बसलात, पोरं बैलगाडीवर बसतात तसे. मी हात वर केला. नोझलनं धुकं सोडलं नाही. धार सोडली, सुईसारखी बारीक, एका अंगाला वाकडी. हात खाली केला. इंजिन थांबलं. आता नाक पुसायचं. आता तुमच्या खिडकीशी यायचं आणि म्हणायचं, ‘साहेब, चावी द्या.’ तीन शब्द. ट्रकवाल्यांना मी हे दिवसात चार वेळा म्हणतो, शिवी लावून म्हणतो. आज माझी पावलं बॉनेटपासून हलली नाहीत. मनात आलं, डॉक्टरकडून चावी मागायची? त्यांना काय वाटेल, ह्याचा आपल्यावर विश्वास नाही? तेलकट हात त्यांच्यापुढं पसरायचा? ते चावी वरून टाकतील का हातात ठेवतील? हे सगळं एका क्षणात आलं. माझ्या बापानं देव बुडवले, पण ही एवढी भीती गाठोड्यातून निसटून काठावरच राहिली असावी, आणि मी ती उचलून आणली असावी. मी चावी मागितली नाही. ‘थांबा साहेब,’ एवढं म्हणालो, आणि पुसलं. मोजलं. एक, दोन, तीन. चारला थेंब आला. मोत्यासारखा. मला वाटलं तुम्हाला दाखवावा. ‘बघा साहेब, गळतंय,’ म्हणालो आणि पुन्हा पुसायला बोट नाकावर ठेवलं.

‘झालं का रे?’

आणि इंजिन फिरलं.

गार वाटलं. एवढंच. बोटाच्या पेरात आतल्या बाजूनं काहीतरी गार, लांबट, आलं आणि बसलं. रक्त नाही. पेरावर एक पांढरट टिंब, आणि त्याच्याभोवतीची कातडी थोडी फुगल्यासारखी. तुम्ही डोकं बाहेर काढलंत. ‘काय झालं?’ आणि मी, चांगो मिस्त्रीचा चेला, तेरा वर्षं हे पाठ असलेला, काय म्हणालो? म्हणालो, ‘काय नाय साहेब.’ तोंडातून आपोआप आलं, विठूच्या मानेसारखं. हेही सांगून ठेवतो, माझ्यावरचा आरोप म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘मला पेशंट आहेत. संध्याकाळपर्यंत होईल ना?’ चावी काढून सवयीनं खिशात टाकलीत, दुधाच्या टेंपोला हात केलात आणि खालापूरला निघून गेलात. चावी घेऊन. माझ्या बोटात तुमच्या गाडीचं डिझेल ठेवून.

मी बाकड्यावर बसलो. हायवेवरून एकामागून एक ट्रक घाटाकडं जात होते आणि प्रत्येकाचा आवाज माझ्या बोटात येत होता. कान्हानं बघितलं. ‘काय रं पदू, बोट चोखतोयस? डाक्तराच्या गाडीचं तूप लागलं काय?’ मी बोट पुढं केलं. त्यानं एक नजर टाकली आणि त्याचं हसू उतरलं. कान्हानंही चांगोला रोज आंघोळ घातलेली आहे. ‘चावी?’ त्यानं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं जी शिवी दिली ती मला होती, तुम्हाला नव्हती. ‘साहेब दिसला की तुजी फाटली व्हय रं?’ म्हणाला. ‘ऊठ. त्याच्याकडंच जा. मुंबईच्या दवाखान्यात चिठ्ठीबिगर परत रांगेत बसशील. त्याची चिठ्ठी घे. पळ.’ मी तरी वेळ काढला. बाराचा एक वाजवला. बोट धुतलं, चोळलं, उन्हात धरलं. वाटत होतं, कदाचित आत गेलंच नसेल. कदाचित थोडंच गेलं असेल. माणूस स्वतःच्या बाबतीत तुमच्यासारखाच होतो, तेल वाढतंय म्हणून खूश. मग मला चांगोची पद्धत आठवली. मी बोटाचं टिंब फडक्यानं पुसून कोरडं केलं आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातला पेरावर थेंब आला. पाण्यासारखा, बारीक, चकाकणारा. मी नाकाशी नेला. माझ्या आतून डिझेलचा वास येत होता.

मग कान्हानं रस्त्यात आडवं उभं राहून ट्रक थांबवला आणि मला वर ढकललं. ड्रायव्हर बडबड्या होता, विचारत होता, दातदुखी का? मी हात खिडकीच्या वर धरून बसलो होतो, कारण खाली सोडला की भरल्यासारखं वाटायचं. वाटेत खाचरांतनं बायका वाकलेल्या, मला हिरू आठवली. हिरू माझी बायको. ती आज कडावला बहिणीकडं गेलीय. मी हात गमावून घरी गेलो तर ती आधी मला बडवेल आणि मग रडेल. तिला मी एकदा सांगितलं होतं, तुझ्या कपाळाला हात लावला तर ताप किती ते मला अर्ध्या डिग्रीनं कळतं. ती म्हणाली होती, ‘मला काय इंजिन समजता व्हय?’ उजवा हात. स्पॅनर उजव्या हातानं, घास उजव्या हातानं, अक्षर उजव्या हातानं. चांगोला निदान उजवा राहिला होता. कान तर माझाही राहील, सळई लावून मीही बसेन बाकड्यावर, ‘दुसऱ्याचा नट ढिला कर’ म्हणेन. पण सांगायचं कुणाला? चांगोला मी होतो. मला कोण आहे?

दोन वाजता मी तुमच्यापुढं उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, ‘अरे, गाडी झाली?’ मी बोट पुढं केलं. सगळं सांगितलं, कधी, कसं, किती जोरानं. चांगोचं सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरचं सांगितलं. पाच-सहा तासांत चिरून धुवावं लागतं, तुमच्याकडं होत नसलं तर चिठ्ठी द्या, त्यात लिहा की जोरानं डिझेल आत गेलंय, म्हणजे ते रांगेत बसवणार नाहीत. तुम्ही केसपेपर ओढलात. नाव विचारलंत. आडनाव सांगितल्यावर तुमचं पेन थांबलं. फार नाही, स्टार्टर मारल्यावर इंजिन पकडायला लागतो तेवढा वेळ. मग हात टेबलावर ठेव म्हणालात. मी ठेवला. तुम्ही तो उचलला नाहीत. पेनाच्या टोकानं बोट जरा इकडं, जरा तिकडं केलंत. माझ्या हाताला ग्रीस होतं, खरं आहे. तुमच्या कोऱ्या कागदांवर डाग पडला असता. ग्रीस होतं म्हणून शिवला नाहीत का आडनाव होतं म्हणून, हे मला कळलं नाही, आणि मी ते शोधत बसणार नाही. मला गरज हाताची आहे. मी सकाळी तुमच्या गाडीच्या पट्टीला नाक लावलं. तुम्ही माझ्या बोटाला पेन लावलंत.

‘टोचलंय नुसतं,’ तुम्ही म्हणालात.

‘टोचलं नाय साहेब, भरलंय.’

‘मला शिकवतोस का आता तू?’

‘सकाळी मी गाडीचं सांगितलं ते पटलं ना तुमाला?’

‘गाडी वेगळी, माणूस वेगळं. आणि सकाळी तूच म्हणालास ना, काही नाही म्हणून? आता हे चिठ्ठीत लिहा ते लिहा. उद्या म्हणशील डॉक्टरनी केलं.’

‘तुमीच केलं.’

तेव्हा तुम्ही विठूकडं बघून ते ‘बोट तू घातलंस’वालं वाक्य बोललात, आणि विठूची मान हलली. केसपेपरवर तुम्ही लिहिलंत ते मला उलटं असूनही वाचता आलं. किरकोळ टोचणे. सोमवारी दाखवणे. आज शुक्रवार. विठूनं लाल औषध लावलं, आणि खरं सांगतो, त्यानं हात हातात घेतला. त्याचे डोळे माझ्या बोटावरून हलत नव्हते. हळूच म्हणाला, ‘गार कसं लागतंय रं एवढं?’ मी म्हणालो, ‘हे तुमच्या साहेबाला सांग.’ त्यानं पेल्यात पाणी आणून दिलं, तुमच्याच टेबलावरच्या पेल्यात. मग नजर चुकवून आत गेला.

तेव्हापासून या बाकावर आहे. ट्रकचा आवाज आता नाही तरी बोटात काहीतरी फिरतंय. सूज पहिल्या पेरावरून दुसऱ्यावर आली, आता तळहाताच्या घडीपर्यंत कातडी ताणल्यासारखी झालीय, फिकट, मेणासारखी. ते वाट काढत चाललंय. मला नकाशासारखं दिसतंय, कुठल्या भिंतीवरून कुठं उतरतंय. थेंब थेंब. तेल पातळ होतंय. मी बाहेरून नीट दिसतो, शेजारची बाईसुद्धा आता माझ्याकडं बघत नाही. तिचा नंबर आला, ती गेली, औषध घेऊन आली. पोरानं जाताना मला हात हलवला. मी डावा हलवला.

एकदा वाटलं, उठावं, कुठली तरी गाडी पकडावी, सरळ मुंबई. पण ती रांग मी बघितलीय. त्या रांगेत चांगोनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारलं होतं, ‘पदू, आपन काय चुकलो रं?’ मी म्हणालो होतो, ‘काय नाय मिस्त्री.’ माझ्या आयुष्यात मी ‘काय नाय’ दोनदा म्हणालो आणि दोन्ही वेळा खोटं म्हणालो. चूक होती. आम्ही त्या लाल औषधवाल्याच्या दारातून उठलो, ती चूक होती. त्यानं घरी जा म्हटलं आणि आम्ही गेलो. मी आता उठणार आहे, पण बाहेरच्या बाजूला नाही.

उठलो. आत तुमच्यापुढं कुणी नव्हतं. तुम्ही चहा पीत होतात. मी दार लोटलं, विचारलं नाही. टेबलावर चावी होती, चामडी पट्ट्याची, सकाळी तुम्ही खिशात टाकलेली. मी ती डाव्या हातानं उचलली आणि माझ्या खिशात टाकली. तुम्ही उठलात. ‘ए, काय करतोस?’ मी म्हणालो, ‘सकाळी मागायची राहिली होती.’ विठू दारात येऊन उभा राहिला. तुम्ही त्याला म्हणालात, ‘ह्याला बाहेर काढ.’ विठू हलला नाही. त्याची मानही हलली नाही, तुम्ही बघितलंत का?

मग मी शर्टाच्या खिशातून सकाळचं वर्तमानपत्राचं पान काढलं, तुमच्या तेलाचं कडं असलेलं, आणि तुमच्या कपाशेजारी पसरलं. मधे काळं, भोवती फिकट. ते तुम्हाला ओळखू आलं. त्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर मी माझी तर्जनी धरली. लाल औषधाचा पापुद्रा नखानं खरवडला. टिंब पुसून कोरडं केलं. मोठ्यानं मोजायला लागलो. तुम्ही ‘हे काय नाटक’ म्हणालात, पण दोनला तुमची नजर कागदावर आली. तीनला विठू पुढं आला. चारला थेंब पडला.

लालसर होता, अर्धा माझा. कागदावर पडला, मधे गुलाबी ठिपका राहिला, आणि भोवतीनं ते फिकट, पिवळसर, पाणचट कडं सरकायला लागलं. तुमच्या कड्याशेजारी माझं कडं. बातमीची अक्षरं त्यात पारदर्शक झाली. तुम्ही चष्मा वर केलात. सकाळसारखे वाकलात. वास आला ना? आलाच. तुमचं नाक तेवढं जवळ होतं.

पावणेचार. अजून वेळ आहे, फार नाही. चिरणार असाल तर विठूला पाणी उकळायला सांगा, मी ओरडणार नाही. चिरणार नसाल तर कागद घ्या आणि लिहा, डिझेल, जोरानं, अकरा वाजता, आणि कुणाच्या हातानं तेही लिहा किंवा लिहू नका, त्याचं आपण मागाहून बघू. गाडीचं बोलू नका. गाडी गळते तेव्हा तुम्हाला वाकून बघता येतं. आता हे बघा. हे कडं कशाचं आहे? सकाळी तुम्हाला कळलं होतं. आता कळतंय की नाही? तोंडानं सांगा. कळतंय की नाही?